हजेरीबाई आणि रिकामे पुडे

बिस्किटांच्या त्या कारखान्यात तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'हजेरीबाई'. बाईंना दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही आवडायचं. शिक्षिका वगैरे नव्हत्या हो. कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत, जिथे भट्टीचा गोड वास तेवढा जिन्यानं वर यायचा, तिथे बसून त्या सर्व्हर सांभाळायच्या.

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून एकदाच सांगून टाकतो. त्या खोलीत दणकट असे काही कॉम्प्युटर होते, त्यांना म्हणायचं होस्ट. प्रत्येक होस्टच्या पोटात बरेचसे खोटे कॉम्प्युटर राहायचे, एका इमारतीत बिऱ्हाडं राहावीत तसे. खोटे म्हणजे हाताला न लागणारे, काम मात्र खरं करणारे. एक भट्टीवर लक्ष ठेवायचा, एक पुडे भरणाऱ्या मशीनला हुकूम सोडायचा, एक पगारपत्रकं काढायचा. या बिऱ्हाडांनी एकमेकांशी बोलायचं तर वायर हवी, आणि वायरही खोटीच. त्यालाच व्हर्च्युअल नेटवर्क म्हणतात. कुठल्या होस्टवर कुठलं नेटवर्क आहे आणि त्याला कोण कोण चिकटलंय, हे माहीत असणं म्हणजे बाईंची नोकरी.

ते शोधायला इतर लोक रंगीत खिडक्या उघडतात, माउसनं इथे टिचकी मार, तिथे टिचकी मार. बाईंना माउसचा मनस्वी तिटकारा. "उंदीर घरात आला तर आपण हाकलतो, आणि हे लोक हातात धरून बसतात," असं त्या म्हणायच्या. त्यांचा आपला काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्यांनी स्वतः एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकुमांची यादी, लिहिली होती, तिचं नाव ठेवलं होतं 'हजेरी'. सकाळी आल्या की पर्स खुंटीला लावायच्या, 'हजेरी' एवढं टाइप करायच्या आणि एंटर मारायच्या. स्क्रिप्ट एकेका होस्टचं दार वाजवून विचारायची, बाबा रे, तुझ्याकडे कुठली नेटवर्कं, कोण कोण त्यावर? उत्तरं सरसर वर चढायची. बाई चहाचा घोट घेत ती वाचायच्या, आणि शेवटची ओळ आली की मान डोलवायच्या.

"हजेरीत नाही ते जगात नाही," हे त्यांचं ब्रीद. कोणी म्हणालं, बाई, जरा जाऊन बघता का, तर म्हणायच्या, "बघायचं काय त्यात? विचारलंय मी."

शेजारच्या टेबलावर त्यांचा जोडीदार बसायचा. चाळिशीचा गृहस्थ, कायम रंगीत खिडक्यांत गुंग, म्हणून बाईंनी त्याचं नाव खिडकीवाला ठेवलं होतं. तो एखादी गोष्ट शोधून काढेपर्यंत बाईंचा चहा संपलेला असायचा. हे त्या त्याला रोज ऐकवायच्या. माणूस सोशिक, म्हणून निभलं.

घरी मात्र हजेरी घ्यायला स्क्रिप्ट नव्हती. घरी बाई स्वतःच वायर होत्या.

घरात माणसं तीन. बाई, बाईंचे मिस्टर आणि सासरे. मिस्टर पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सासरे बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त, पण आवाज अजून इंजिनावरून ओरडायचा तेवढाच. आणि हे बापलेक एकमेकांशी बोलत नसत. कारण? रेडिओ. बाईंच्या लेकीचं लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली, त्यानंतरची गोष्ट. सासऱ्यांचा जुना रेडिओ खरखरत होता. मिस्टरांनी तो दुरुस्तीला खोलला, सुटे भाग खोक्यात भरले आणि खोकं दाराशी ठेवून दिलं. सासऱ्यांनी बघितलं, दारात अडगळ पडलीय. बोलावलं भंगारवाल्याला, दिलं खोकं. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला त्यांनी विचारलं, "माझा रेडिओ कुठाय रे?"

झालं. मुलगा म्हणे, तुम्ही तुमच्या हातानं घालवलात. बाप म्हणे, तू खोललास कशाला? त्या दिवसापासून दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि मध्ये बाई.

जेवायला बसलं की सुरू.

"सूनबाई, त्या शहाण्याला सांग, मीठ दे."

"अहो, बाबांना मीठ हवंय."

"त्यांना सांग, त्यांच्या कोपराशीच आहे."

"बाबा, तुमच्या कोपराशी आहे."

"त्याला म्हणावं, मला दिसतंय."

दोघांच्या मध्ये हातभर टेबल. तरी निरोप बाईंमार्फत जायचा आणि बाईंमार्फतच यायचा. सुरुवातीला बाई वैतागायच्या. एकदा तर म्हणाल्या, "मी माणूस आहे की टपालखातं?" त्यावर दोघंही आपापल्या ताटात बघत राहिले. हळूहळू अंगवळणी पडलं. संध्याकाळी जेवणानंतर बाई दोघांच्या मध्ये बसायच्या आणि एकाच्या गप्पा दुसऱ्याला सांगायच्या. सासरे घाटातल्या बसचे किस्से बाईंना सांगत, बाई ते मिस्टरांना सांगत. मिस्टरांना हसू आलं की तेही बाईंनी पोचवायचं, "ते हसतायत बाबा." सासरे म्हणायचे, "कळलं." घरोघरी मातीच्या चुली, आपली थोडी जास्त धुरकट, अशी बाईंनी मनाची समजूत घातली होती.

आणि मग लेकीचा फोन आला.

लेकीला दिवस गेलेले होते, पहिलीच खेप. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, प्रवास बंद. जावई जहाजावर नोकरीला, बाळ येईपर्यंत काही तो परतत नव्हता. "आई, तू येशील ना?" लेक म्हणाली. "मला भीती वाटते गं. तू असलीस की नाही वाटणार."

ही पोरगी लहानपणी अंधाराला भ्यायची नाही, कुत्र्याला भ्यायची नाही. भीती वाटते असं तिच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता बॅग भरावी आणि निघावं. पण जीभ म्हणाली, "बघते हं."

बघते कशाला? कारण वाटेत दोन धोंडे होते.

पहिला कारखान्याचा. एक म्हातारा होस्ट धापा टाकत होता, त्यातली सगळी बिऱ्हाडं नव्या होस्टांवर हलवून त्याला कायमचा बंद करायचा होता. मोठे साहेब म्हणाले होते, "बाई, एवढं करा आणि खुशाल जा. हवी तेवढी रजा घ्या." हा धोंडा काही जड नव्हता.

दुसरा जड होता. बाईंनी त्याच संध्याकाळी विषय काढला. "मी गेले तर तुम्ही दोघं बोलाल ना एकमेकांशी? गॅस बंद केला का, दुधाचं काय, औषध घेतलं का, विचारायला नको?"

सासरे छाती काढून म्हणाले, "सूनबाई, उपाशी मरेन. पण आधी मी बोलणार नाही."

"अहो, तुम्ही तरी."

मिस्टर स्क्रू पिळत म्हणाले, "त्यांना सांग, मी पण उपाशी मरेन."

"बाबा, हे पण..."

"ऐकलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. एकाला रक्तदाब, दुसऱ्याला साखर. ही दोन हट्टी पोरं घरात कोंडून कसं जायचं? एकाला चक्कर आली तर दुसरा कोणाला सांगेल, भिंतीला? दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. मग लेकीला फोन करून म्हणाल्या, "बाळा, जमेलसं दिसत नाही. या दोघांना सोडून कशी येऊ?"

पलीकडून लेक म्हणाली, "ते दोघं काही मरत नाहीत गं आई."

"तुला काय माहीत घरात काय चाललंय!"

"हो," लेक म्हणाली, "मला काय माहीत," आणि तिनं फोन ठेवला. ती रागावली, का रडली, का हसली, बाईंना काहीच कळलं नाही. त्या तशाच फोन हातात धरून ओट्याशी उभ्या राहिल्या आणि तिथेच रडल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू व्हायच्या आत त्यांनी म्हाताऱ्या होस्टचं काम काढलं. निदान एक धोंडा तरी हटवू. 'हजेरी' टाइप केलं, एंटर. म्हाताऱ्यावर दोनच बिऱ्हाडं उरली होती. एक भट्टीचं, एक पुडे भरणाऱ्याचं. दोघांची कारखान्याशी बोलायची बाहेरची नेटवर्कं नव्या होस्टांवर तयार होती. त्यापलीकडे या दोघांचं आपापसात काही? हजेरी म्हणाली, काही नाही.

"बरंच झालं," बाई म्हणाल्या, आणि भट्टीवाल्याला एका नव्या होस्टवर टाकलं, पुडेवाल्याला दुसऱ्या. हलवताना होस्टनं काहीतरी विचारलं, खात्री आहे का, अमुक नेटवर्क तिकडे सापडत नाही वगैरे. पण हलवायची स्क्रिप्टही बाईंचीच, आणि तिला त्यांनी शिकवून ठेवलं होतं की कोणी काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं. ती 'हो' म्हणाली आणि पुढे गेली. बाईंनी चहा मागवला.

खाली पाळी सुरू झाली, आणि चहा यायच्या आधी फोरमन आला. वजनदार मिशांचा माणूस, जिना चढून धापा टाकत होता. त्यानं बाईंच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला. छान फुगलेला, चकचकीत, चारी बाजूंनी चिकटवलेला.

"फोडा," फोरमन म्हणाला.

बाईंनी फोडला. आतून फुस्स करून हवा निघाली. बिस्किट नाही, चुरा नाही, काही नाही.

"खाली असे ढीगभर आहेत," फोरमन म्हणाला. "मशीन रिकामे पुडे भरत सुटलंय. आणि बिस्किटं पट्ट्यावर डोंगरासारखी साचलीत. दोन पोरी फावड्यानं ओढतायत. काय केलंत बाई?"

मोठे साहेब पाठोपाठ आलेच. त्यांच्याही हातात पुडा. "बाई, आपण हवा विकायला लागलो का?"

"साहेब, मी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "भट्टीवाला आणि पुडेवाला यांचा एकमेकांशी संबंधच नाही. हजेरीत नाही."

"अहो, पण भट्टीनं ताट सोडलं की पुडेवाल्याला सांगणारच ना, की आलं रे! न सांगता तो भरणार कसा?"

हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तेवढ्यात खिडकीवाला खाकरला. त्यानं आपली रंगीत खिडकी उघडली होती आणि बोट लावून दाखवत होता. म्हाताऱ्या होस्टच्या पोटात एक नेटवर्क होतं. त्याला बाहेर जाणारी वायरच नव्हती. आतल्या आत, दोनच बिऱ्हाडांपुरतं. भट्टीवाला बोलायचा, पुडेवाला ऐकायचा, आणि त्यातला एक शब्द होस्टच्या बाहेर पडायचा नाही.

"माझ्या हजेरीत का नाही मग?" बाई ओरडल्याच.

त्यांनी हजेरीची स्क्रिप्ट उघडली. कितीतरी वर्षांनी उघडली. आणि मधोमध ती ओळ दिसली, त्यांच्याच हातची. ज्या नेटवर्कला बाहेरची वायर नाही ते सोडून द्यावं, असं तीत लिहिलं होतं. शेजारी त्यांनीच तेव्हा टीप लिहून ठेवली होती: 'बाहेर जात नाही म्हणजे कोणी बोलत नसणार.'

खिडकीवाल्यानं ती टीप वाचली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी ती ओळ खोडली आणि परत हजेरी घेतली. अहाहा! पडदा भरून वाहू लागला. जवळजवळ प्रत्येक होस्टच्या पोटात असली एखाद-दुसरी आतली नेटवर्कं होती आणि सगळ्यांवर अखंड बडबड चालू होती. म्हाताऱ्यावरचं तेवढं मुकं पडलं होतं, बोलणारे दोघंही हलवले होते. बाई मुकाट्यानं कामाला लागल्या. दोघांना एकाच नव्या होस्टवर आणलं, त्याच्या पोटात तसंच आतलं नेटवर्क बांधलं, दोघांना त्याला जोडलं. या वेळी होस्टनं विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांनी वाचला. खालून फोरमननं फोन केला, "भरतंय!"

साहेब भला माणूस. ओरडले नाहीत. पट्टा साफ होईपर्यंत पाळी बंद राहणार होती, म्हणाले, "घरी जा बाई. चेहरा उतरलाय तुमचा." आणि जाताना एक रिकामा पुडा त्यांच्या पर्समध्ये सारला, "आठवण म्हणून."

भर दुपारी घरी जायची बाईंना सवयच नव्हती. रस्ता ओळखीचा वाटेना. जिना चढून दाराशी आल्या, चावी काढली, आणि हात तसाच राहिला.

आतून आवाज येत होते. सासऱ्यांचा, तो इंजिनावरचा. "अरे, पण त्या वळणावर ब्रेक लागला असता तर मी आज तुला दिसलो असतो का?"

आणि मिस्टरांचा, हसून हसून फुटलेला. "बाबा, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ब्रेक लागला!"

"मागच्या वेळी तुझी बायको ऐकत होती. तिला घाबरवायचं नव्हतं. ती आमटी ढवळ, खाली लागेल."

"ढवळतोय. तुम्ही गोळी घेतलीत का?"

"घेतली रे बाबा, किती वेळा विचारशील!"

मागे गाणं चालू होतं. रेडिओवर. खरखर अजिबात नाही.

"पाच वाजले की रेडिओ कपाटात घाल हं," सासरे म्हणाले.

"काल मी घातला, आज तुमची पाळी."

बाईंनी दार उघडलं. मिस्टर डाव घेऊन गॅसपाशी, सासरे खुर्चीत पाय वर घेऊन, मध्ये टेबलावर रेडिओ. दोघंही जागच्या जागी थिजले. सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "सूनबाई, त्या शहाण्याला सांग, आमटी..."

आणि मग त्यांनी हळूच पाय खाली घेतले.

बाई पर्स न ठेवता खाली बसल्या. "कधीपासून?"

मिस्टरांनी गॅस बंद केला. "रेडिओ गेल्यावर आठवडाभर खरंच बोलत नव्हतो. मग मीच भंगारवाल्याला गाठला, खोकं परत आणलं, जोडून दिला. तेव्हापासून बोलतोय."

"आणि मला?" बाईंचा आवाज चढला. "वर्षानुवर्षं मीठ इकडून तिकडे करत बसले मी! दोन रात्री झोप नाही मला! पोरीला नाही म्हणून सांगितलं मी, तुमच्या पायी!"

सासरेच बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "पोरगी सासरी गेली आणि तू घरी येऊन जेवायचीस आणि तुझा तो काळा पडदा उघडून बसायचीस. आम्ही दोघं होतो, पण तुला दिसत नव्हतो. मग आमचं भांडण झालं आणि तू आमच्यात येऊन बसायला लागलीस. याच्याशी बोलायचीस, माझ्याशी बोलायचीस. हसायचीस. म्हटलं, भांडण मिटलं असं कशाला सांगा? ही उठून परत तिकडे जाईल."

बाई काळ्या पडद्यापाशी बसायच्या कारण पोरीची खोली रिकामी बघवत नव्हती. हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

"पण पोरीचा फोन आल्यावर तरी सांगायचंत!"

"सांगणारच होतो," मिस्टर म्हणाले. "आधी कोणी सांगायचं यावर आमचं भांडण चाललंय. खरंखुरं."

"आणि तिला? तिला माहीत आहे हे?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. "रोज दुपारी आम्ही तिघं फोनवर गप्पा मारतो," सासरे म्हणाले. "तीच म्हणत होती, सांगा म्हणून."

म्हणजे घरातली सगळी एकमेकांशी बोलत होती. तेवढ्या बाईच नव्हत्या. त्यांना फार एकटं वाटलं, क्षणभरच, पण वाटलं. मग त्यांनी पर्स उघडली, रिकामा पुडा काढला आणि टेबलावर आपटला.

"हे काय?" मिस्टरांनी विचारलं.

"सांगते. आधी तिला फोन लावा. आणि आमटी वाढा, मला भूक लागलीय."

दोनच दिवसांत बाई निघाल्या. लॅपटॉप खिडकीवाल्याच्या स्वाधीन केला आणि हजेरी कशी घ्यायची ते त्याला शिकवलं. "आणि तुझी ती खिडकीही उघडून बघत जा अधूनमधून," असंही म्हणाल्या. खिडकीवाल्यानं ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

नात झाली. नाकीडोळी नीटस आणि आवाज थेट पणजोबांचा. एका संध्याकाळी बाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लेक पलीकडे शांत झोपली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "त्या शहाण्याला सांग, मीठ दे."

बाईंना क्षणभर कळेना. "बाबा, तुम्ही जेवायला बसलाय ना? हे समोरच आहेत ना तुमच्या?"

"समोरच बसलाय. हातभर अंतरावर."

"मग बोला की त्यांच्याशी! आता कोणाची चोरी आहे?"

"बोलतो गं दिवसभर," सासरे म्हणाले. "पण जेवायला बसलं की तू लागतेस."

बाईंनी डोळे पुसले. नातीला खांद्यावर घेतलं, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"द्या त्यांच्याकडे फोन. अहो, ऐकलंत का? बाबांना मीठ हवंय."

"त्यांना सांग," मिस्टर म्हणाले, "त्यांच्या कोपराशीच आहे."